एकाच वर्षातले दोन निर्णय : सुरजागड आणि बल्लारपूर

गडचिरोलीत उद्योग का आले नाहीत, असं कुणालाही विचारा. एका शब्दात उत्तर मिळतं : नक्षलवाद. रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी अशा उत्तरापाशी जरा थांबावं. प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवतो ना, तसा इथेही शोधायचा. जिथे हे कारण नव्हतं, तिथे काय झालं?

2007 हे वर्ष घेऊ. त्या वर्षी लॉइड्स मेटल्सला एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागड डोंगरावर सुमारे 348 हेक्टरची लोहखनिजाची लीज मिळाली. पण काम हललं नाही. 2013 मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची हत्या झाली. 2016 मध्ये खाणकाम सुरू झालं, तर डिसेंबरात माओवाद्यांनी डझनावारी वाहनं जाळली. भीती खरीच होती. पण ती एकटी नव्हती. डोंगरावर ठाकूरदेवाचं स्थान आहे. स्थानिक ग्रामसभांचा खाणीला विरोध होता आणि 2006 च्या वनहक्क कायद्याचा त्यांना आधार होता. मे 2017 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कोनसरीत लोह प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. खाण मोठ्या प्रमाणावर चालू व्हायला मात्र 2021 उजाडलं. म्हणजे लीजनंतर चौदा वर्षं.

आता आपला कंट्रोल. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूरची पेपर मिल. कंपनीची स्थापना 1945 ची. रेल्वे, कोळसा, वर्धा नदीचं पाणी, जंगलातला बांबू, सगळं हाताशी. इथे भांडवल घाबरलेलं नव्हतं. उलट त्याच 2007 मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजने मलेशियातली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली. पुढे कर्जाचा डोंगर झाला आणि जानेवारी 2020 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. सुरजागडला भांडवल अडलं, बल्लारपूरला ते फार पुढे धावलं. रोजगाराचा प्रश्न दोन्हीकडे उभा राहिला.

अमेरिकेत हीच दोन टोकं एकापाठोपाठ दिसली. आधी बँकांनी न फेडू शकणाऱ्यांनाही घरकर्जं वाटली. सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. मग व्याजदर शून्याजवळ आणूनही कंपन्या पैसा गुंतवायला कचरत होत्या. ऑक्टोबर 2009 मध्ये बेरोजगारी 10 टक्क्यांवर गेली. ‘मागणीच नाही’ असं काही अर्थतज्ज्ञ म्हणत, तर काही सरकारी धोरणांच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवत. पण तिथली सावधगिरी आधीच्या बेफिकिरीतून आली होती, हे विसरून चालणार नाही.

आकड्यांची तुलना करताना मात्र जपून. आपल्याकडे माणूस खरिपात धान लावतो, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा करतो, मिरची तोडायला तेलंगणात जातो. सर्व्हेत तो बहुधा ‘कामावर’ दिसेल. त्याची अडचण बेरोजगारीच्या दरात मावत नाही; त्याच्या वर्षभराच्या कामाचे दिवस मोजावे लागतात.

दोन उदाहरणांनी सिद्धांत होत नाही, हे मान्य. पण एका शब्दाचं उत्तर पाडायला ती पुरतात. या भागावर कुणी प्रबंध लिहिणार असेल, तर ‘गुंतवणूक का आली नाही’ यासोबत आणखी एक प्रश्न वहीत लिहून ठेवा : जोखमीचा निर्णय कुणी घेतला, आणि ती अंगावर आली कुणाच्या?