पडद्यावरचे चिलखत, अंगावरचे चिलखत

इंदापुरात चिलखतावर बोलायचे म्हणजे सुरुवात मालोजीराजांपासून करायला हवी, आणि ती मी करणारच आहे. पण त्याआधी घरातली एक गोष्ट सांगतो, कारण हे व्याख्यान मुळात त्या गोष्टीतून निघाले.

माझा नातू बारामतीत इंजिनिअरिंग शिकतो. गेल्या मे महिन्यात मी त्याच्याकडे राहायला गेलो, तर पुढच्या खोलीत पांढऱ्या प्लास्टिकचे हात, पाय, छाती, पाठ असे सुटे सुटे पडलेले. मला वाटले वैद्यकीय शाखेच्या कुणाचे सामान असेल. तर म्हणाला, "आबा, हा स्टॉर्मट्रूपर आहे." १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातले ते पांढरे शिपाई. त्यांचे चिलखत तो पडद्यावर दिसते अगदी तसेच्या तसे करत होता. दोन महिने झाले होते, अजून अर्धे बाकी होते.

मी तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म घालवला, पण त्या दिवशी मी तत्त्वज्ञासारखा बोललो नाही. मी म्हणालो, "ज्या मातीत तुझ्या राजाचा आजोबा लढता लढता पडला, तिथे राहून तू परदेशी सिनेमातल्या खोट्या शिपायाचे खोटे चिलखत करतोस?" पोरगा रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "आबा, माझ्याकडे ताडून बघायला सिनेमा तरी आहे. तुमच्या मावळ्याचं चिलखत बरोबर की चूक, हे तुम्ही कशाशी ताडून बघता?"

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगतो, तीन दिवस सुचले नाही.

आता मालोजीराजे. निजामशाहीच्या चाकरीत पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर त्यांच्याकडे आली, आणि सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कधीतरी ते इथे इंदापूरच्या लढाईत कामी आले. नेमके कोणते साल, यावर अभ्यासकांत वाद आहे, त्यात मी शिरत नाही. पुढे इंदापूर, बारामती, सुपे हा सगळा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आपल्याला दिसतो. मालोजीराजे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? छातीवर चकचकीत पत्रा, डोक्याला टोकदार शिरस्त्राण, हातात पट्टा. हे चित्र कुठून आले? मूळ कागदांतून नाही आले. ते कॅलेंडरांतून आले, शाळेच्या गॅदरिंगमधून आले आणि सगळ्यांत जास्त सिनेमातून आले.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की बघणाऱ्यांना भोवळ आल्याचे सांगतात, आणि तो भाग पुढे कापावा लागला. १९२३ साली त्यांनीच 'सिंहगड' केला. १९३० च्या 'उदयकाल'मध्ये व्ही. शांताराम स्वतः शिवाजी महाराज झाले. १९५२ साली भालजी पेंढारकरांनी चंद्रकांत मांडरेंना महाराजांच्या वेषात उभे केले, आणि माझ्या पिढीला विचाराल तर महाराज म्हणजे चंद्रकांत. यात कमीपणा काही नाही. या माणसांनी तुटपुंज्या साधनांत एक जग उभे केले. पण पडद्यावर एकदा जे उभे राहते, तेच नंतरच्यांचा पुरावा होऊन बसते. हल्लीच्या चित्रपटांत तर मावळ्यांच्या अंगावर काळ्या चामड्याच्या पट्ट्यापट्ट्यांची जाकिटे दिसतात. ती मला रोमन सैनिकांवरच्या हॉलिवूडपटांतून आल्यासारखी वाटतात. सह्याद्रीत ती कुणी घातली असतील असे मला वाटत नाही.

मग खरे चिलखत कसे होते? आपल्याकडे सरदाराचे चिलखत म्हणजे मुख्यतः कड्यांचे. लोखंडाच्या बारीक कड्या, प्रत्येक कडी भोवतालच्या चार कड्यांत अडकवलेली, आणि चांगल्या कामात प्रत्येकीचे तोंड रिव्हेट मारून बंद केलेले. नुसते तोंड दाबून मिटवलेली कडी घाव बसला की उघडते, म्हणून हा खटाटोप. एका अंगरख्याला अशा हजारो कड्या. त्यावर काही जण छाती, पाठ आणि दोन कुशी यांवर चार पत्रे बांधत, त्याला चारआईना म्हणजे चार आरसे असे नाव. हाताला दस्ताने. डोक्याला लोखंडी टोप, आणि टोपाखाली मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. पुण्याला राजा केळकर संग्रहालयात गेलात तर माशांच्या खवल्यांचे आणि मगरीच्या कातड्याचे चिलखतही बघा. तिथे माझा नातू माझ्याआधी जाऊन आला होता, हे मला नंतर कळले.

कड्यांचे चिलखत तलवारीची धार अडवते, पण घावाचा दणका अडवत नाही. हाड मोडायचे ते मोडतेच. म्हणून आत कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा लागतो. दुसरी गोष्ट वजनाची. सगळे वजन खांद्यांवर लोंबते. कंबर आवळून बांधली की त्यातले थोडे कमरेवर उतरते आणि माणूस दिवसभर टिकतो. आणि हे सगळे महाग. बारगिराला घोडा नि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार आपले स्वतःचे आणी. पण आपल्या फौजेची सगळी मदार वेगावर, हलक्या सरंजामावर. सामान्य मावळा असा लोखंडाने मढलेला हिंडत नव्हता. त्याचे चिलखत म्हणजे फार तर जाड सुती अंगरखा, ढाल आणि डोंगराची माहिती.

इथे आता प्रतापगडाकडे येऊ. १० नोव्हेंबर १६५९. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात महाराजांच्या सुती अंगरख्याखाली कड्यांचे चिलखत आणि पगडीखाली लोखंडी टोपी सांगितली आहे. यातला मुद्दा लक्षात घ्या, बरं का. ते चिलखत दिसत नव्हते, म्हणूनच ते उपयोगी पडले. खानाच्या लक्षात आले असते तर भेटच वेगळी झाली असती. आणि आम्ही नाटकांतून, चित्रांतून नेमके तेच अंगरख्याच्या वर आणून दाखवतो.

वाघनखांची कथा तर त्याहून बोलकी. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती साताऱ्याला आली. मीही रांगेत उभा राहून पाहिली. ती हीच, असे खात्रीने सांगता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाचेच म्हणणे आहे. त्यांच्या पेटीवर जो मजकूर कोरलेला आहे, त्यात महाराजांनी मारलेल्या सरदाराला मोगलांचा सरदार म्हटले आहे. अफजलखान आदिलशाहीचा, हे आपल्या पाचवीच्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे पुरावा म्हणून जो मजकूर, तोच चुकलेला. तरी मी हात जोडले. आता यावर तुम्ही मला विचाराल, प्राध्यापक, तुम्ही कशाला हात जोडले? तर ते मलाही नीट सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मी नातवाशेजारी स्टूल ओढून बसलो आणि म्हटले, "दाखव, कसं करतोस ते."

ते शिकण्यासारखे निघाले. प्लास्टिकचा दोन मिलिमीटर जाडीचा तक्ता तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. तक्ता साच्याला चिकटून बसतो, गार झाला की आकार कायम. तुमच्या रोपवाटिकेतला उसाच्या रोपांचा ट्रे याच रीतीने होतो. माझ्या नातवाने छातीपाठ ओढून घेतली ती अशाच ट्रे करणाऱ्या ओळखीच्या शेडमध्ये. मालकाने म्हणे तीनदा विचारले, यात रोप नेमके कुठे लावायचे?

भाग ओढून झाला की खरे काम सुरू होते, ते अंगाला बसवण्याचे. पोटरीचे दोन अर्धे असतात, पुढचा आणि मागचा. ते पायावर धरायचे, खूण करायची, कडेचे जास्तीचे कापायचे आणि सांध्यावर दीड-दोन सेंटिमीटरची पट्टी चिकटवायची. घाई केली आणि जास्त कापले, तर परत जोडता येत नाही. मग सगळे भाग काळ्या तंग कपड्यावर इलॅस्टिकने टांगायचे. मांडीचा भाग कमरेच्या पट्ट्याला लोंबतो, दंडाचा खांद्याला. म्हणजे तेच. खांदा की कंबर, वजन कुणी घ्यायचे, हा चारशे वर्षांपूर्वीच्या शिलेदाराचा प्रश्न.

आणि पडद्यावरच्यासारखे अगदी तंतोतंत, म्हणजे काय? मूळ शिरस्त्राण हाताने घडवलेल्या मातीच्या नमुन्यावरून झाले, त्यामुळे त्याच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नाहीत. त्यावरच्या रेघा हाताने रंगवलेल्या, म्हणून थोड्या वाकड्या. संगणकावर दोन्ही बाजू नीट सारख्या केल्या, तर जाणकार लगेच म्हणतो, हे चुकले. गुडघ्यावरची जास्तीची पट्टी फक्त डाव्या पायाला, उजव्याला नाही. या शिपायांची बंदूकसुद्धा खरी ब्रिटिश स्टर्लिंग कार्बाइन, वर थोडे भाग लावलेली. तीच कार्बाइन आपल्याकडे कानपूरला बनली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर तुम्ही आम्ही पाहिली आहे. या चित्रपटाची वेशभूषा करणारा जॉन मोलो हा मुळात लष्करी गणवेशांचा अभ्यासक. त्याला या कामाचे ऑस्कर मिळाले. म्हणजे खोट्या शिपायामागेही इतिहासाचा माणूस होता.

हे शिरस्त्राण कोर्टातही गेले. ज्या कारागिराने ती मूळ शिरस्त्राणे ओढून काढली, त्या अँड्र्यू एन्सवर्थने पुढे त्यांच्या प्रती विकल्या. लुकासफिल्मने दावा लावला. प्रश्न असा उभा राहिला की शिरस्त्राण हे शिल्प आहे की नाही. शिल्प असेल तर स्वामित्वहक्क दीर्घकाळ चालतो. जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे शिल्प नव्हे. कलाकृती म्हणजे तो चित्रपट. शिरस्त्राण हे चित्रपट बनवण्याच्या कामातली एक उपयोगाची वस्तू. गंमत बघा. जे कुणाचेही डोके वाचवत नाही, जे घातल्यावर समोरचे दारसुद्धा नीट दिसत नाही, ते कायद्याने उपयोगाची वस्तू ठरले! माझ्या वर्गात मी ॲरिस्टॉटलचे प्रयोजनकारण शिकवायचो, तेव्हा इतके चांगले उदाहरण हाताशी नव्हते, याची रुखरुख वाटते.

बारामतीकरांना मोरोपंत सांगायला नकोत. कऱ्हेच्या काठी बसून त्यांनी अख्खे महाभारत आर्येत आणले. त्यात कर्ण आहे आणि कर्णाचे कवच आहे. ते त्याच्याबरोबरच जन्मले. त्याला माप घ्यावे लागले नाही, पट्टी चिकटवावी लागली नाही. अंग वाढले तसे ते वाढले. आणि इंद्राने मागितले तेव्हा ते कापून द्यावे लागले, कारण ते उतरवता येत नव्हते. अगदी नेमके बसणारे चिलखत जगात ते एवढेच. बाकी सगळी चिलखते कुठेतरी टोचतात.

टोचण्यावरून आठवले. शाळेत सातवीत मी अफजलवधाच्या नाटकात सय्यद बंडा झालो होतो. रॉकेलचा डबा कापून छातीचा पत्रा केला होता आणि काखेत कड दुमडायची राहून गेली. तलवारीचा हात उचलला आणि काख चिरली. लोकांना वाटले रक्त नाटकातले आहे, टाळ्या पडल्या. तो व्रण अजून आहे. नातवाला मी तो दाखवला आणि म्हटले, काखेतली कड आधी घास. त्याने ती घासली, आणि मग जरा वेळाने विचारले, "आबा, शिलेदार काखेचं काय करायचे?" मी सांगितले, तिथे पत्रा नसे, कड्याच असत, हात फिरावा म्हणून, आणि मारणारा तिथेच मारी.

एक अडचण मात्र सुटली नाही. चित्रपटातले शिपाई उंच, माझा नातू पाच फूट पाच इंच. त्या चित्रपटातही नायक वेष बदलून येतो तेव्हा राजकन्या त्याच्या उंचीवरून टोमणा मारते, असे तो मला हसत सांगत होता. मूळ मापे ठेवली तर पोटरीचा भाग गुडघा वाकू देत नाही. माप कमी केले तर पडद्याशी जुळत नाही. जसेच्या तसे केले तर अंगावर चुकीचे दिसते, आणि बरोबर दिसावे तर मुळापासून ढळावे लागते. तो मला म्हणाला, "आबा, तुम्ही सांगा, कापू का?" मी म्हटले, "मालोजीराजांचं चिलखत शहाजीराजांना बसलं असतं का, ते मला माहीत नाही. पण तू चालणार आहेस ना हे घालून? मग काप."

त्याने दोन्ही पोटऱ्यांतून साडेतीन सेंटिमीटर उतरवले. बसायला अजूनही येत नाही. उभ्याने चहा पितो.

आता कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या काकांनी केव्हाचा हात वर केला आहे.