काचेच्या बाटलीची जन्मकथा

मद्य मनुष्यजातीस सहस्रावधि वर्षांपासून परिचित आहे. परंतु तें वर्षानुवर्षें निर्दोष राखणारी बळकट काचेची बाटली जेमतेम चारशें वर्षांची आहे. तिचें मूळ मद्याच्या व्यापारांत नसून इंग्लंडांतील अरण्यांच्या काळजींत सांपडतें.

काच फुंकण्याची विद्या रोमन लोकांस अवगत होती. जर्मनींत स्पायर येथें १८६७ सालीं एका रोमन थडग्यांत मिळालेली चौथ्या शतकांतील मद्याची बाटली तेथील संग्रहालयांत आहे. तथापि जुनी काच बहुधा पातळ व ठिसूळ असे. म्हणून मद्याचा सांठा पूर्वीं मातीच्या रांजणांत व पुढें लांकडी पिंपांत होई. बाटली केवळ वाढण्यापुरती. पिंप एकदां उघडलें कीं आंत हवा शिरे व उरलेलें मद्य आंबून जाई.

सतराव्या शतकाच्या आरंभीं काचेच्या भट्ट्या इंग्लंडांतील जंगलें फस्त करूं लागल्या, आणि आरमारास लांकूड पुरेल कीं नाहीं अशी धास्ती उत्पन्न झाली. १६१५ सालीं राजा पहिला जेम्स यानें या भट्ट्यांत लांकूड जाळण्यास मनाई केली. कारागिरांस दगडी कोळशावांचून गत्यंतर उरलें नाहीं. कोळशाची आंच अधिक प्रखर. तिच्यावर जाड, कणखर व काळपट काच तयार होऊं लागली. १६३० नंतर या बाटलीस पक्कें रूप देण्याचें श्रेय सर केनेल्म डिग्बी यांस दिलें जातें. १६६२ सालीं त्या शोधावर दुसऱ्यानें हक्क सांगितला असतां निर्णय डिग्बींच्याच बाजूनें लागला. पुढच्याच वर्षीं सॅम्युएल पीप्स यांनीं आपलें कुलचिन्ह उमटविलेल्या नव्या बाटल्या मद्यानें भरल्या जात असतां पाहिल्याची नोंद रोजनिशींत केली.

त्या बाटल्या गोल पोटाच्या व उंच मानेच्या असल्यामुळें उभ्याच ठेवाव्या लागत. त्यामुळें बूच सुके व हवा आंत जाई. अठराव्या शतकाच्या मध्यास त्यांना नळकांड्याचा आकार आला व त्या आडव्या रचतां येऊं लागल्या. मद्याच्या स्पर्शानें बूच ओलें राहून तोंड घट्ट बंद राही. मद्य दीर्घकाळ मुरविणें यामुळेंच सुलभ झालें. फ्रान्समध्यें पंधराव्या लुईनें १७२८ सालीं शॅंपेन प्रांतांतील मद्य बाटल्यांतून नेण्यास अनुज्ञा दिली आणि १७३५ सालीं त्या बाटल्यांचें वजन व माप ठरविलें. आंतील वायूच्या दाबानें कच्ची बाटली फुटत असल्यानें अशा नियमाची आवश्यकताही होती.

आज ७५० मिलिलिटरची बाटली बहुतेक देशांत रूढ आहे. तिची जाड, गडद काच म्हणजे सरपणाच्या टंचाईनें एका जुन्या धंद्यास शोधावयास लावलेल्या नव्या वाटेची खूण होय.