लाळ व मूत्रातून ऑक्सिडीकरणाच्या ताणाचा मागोवा

प्राणवायूच्या साहाय्याने पेशी ऊर्जा निर्माण करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणूही तयार होतात. त्यांपैकी अनेकांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांना आवर घालणारी शरीराची यंत्रणा अपुरी पडली की ऑक्सिडीकरणाचा ताण उद्भवतो. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ही संकल्पना मांडली. मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्याशी तिचा संबंध तपासला जात आहे.

हे रेणू क्षणार्धात नाहीसे होत असल्याने ते थेट मोजणे कठीण असते. त्यामुळे त्यांनी केलेल्या हानीच्या खुणा शोधल्या जातात. मुक्त मूलकांमुळे डीएनएमधील ग्वानिन या घटकात बदल होऊन ‘८-ओएचडीजी’ हा पदार्थ तयार होतो. जपानमधील हिरोशी कासाई आणि सुसुमु निशिमुरा यांनी १९८४ मध्ये या बदलाची नोंद केली. पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीकरणातून आयसोप्रोस्टेन तयार होतात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात १९९० मध्ये त्यांचा शोध लागला. हे दोन्ही पदार्थ मूत्रावाटे बाहेर पडतात.

मूत्राचा नमुना घेण्यासाठी सुई टोचावी लागत नाही. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. रक्तात स्निग्ध पदार्थ असल्याने साठवलेल्या नमुन्यातही ऑक्सिडीकरण सुरू राहू शकते व आकडा फुगतो. मूत्रात हा धोका बराच कमी असतो. मात्र पाणी अधिक प्यायल्यास मूत्र पातळ होते. म्हणून निष्कर्ष सहसा क्रिएटिनिनच्या प्रमाणात दिला जातो. क्रिएटिनिन स्नायूंच्या वस्तुमानावर अवलंबून असल्याने कृश वृद्धांच्या बाबतीत हा आधारही डळमळतो.

लाळेचा नमुना मिळवणे त्याहूनही सोपे, पण त्याचा अर्थ लावणे अवघड आहे. लाळेच्या ऑक्सिडीकरणरोधक क्षमतेचा मोठा वाटा यूरिक आम्लाचा असतो. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दात घासताना थोडे रक्त मिसळले असेल, तर आकडे बदलतात. तेव्हा लाळ संपूर्ण शरीराविषयी सांगते की केवळ तोंडाविषयी, हा प्रश्न उरतोच. हिरड्यांच्या विकारांच्या अभ्यासात मात्र ती उपयुक्त ठरते.

मापनाची पद्धतही निर्णायक ठरते. वस्तुमान वर्णपटमापी उपकरण महाग, पण अचूक असते. प्रतिपिंडांवर आधारित एलायझा चाचणी स्वस्त आहे; परंतु मूत्रातील इतर पदार्थांनाही ती प्रतिसाद देत असल्याने ८-ओएचडीजीचे प्रमाण पुष्कळदा जास्त दिसते. घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या, रंग बदलणाऱ्या चाचण्यांचा आधार याहून कच्चा आहे. अशा अनेक चाचण्या मॅलनडायअल्डिहाइड वा तत्सम पदार्थ दाखवतात आणि हा पदार्थ आदल्या दिवशीच्या मांसाहारातूनही मूत्रात येऊ शकतो.

रंग गडद दिसला म्हणून ऑक्सिडीकरणरोधक गोळ्या सुरू करणे निर्धोक नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्के अधिक आढळले.

एका व्यक्तीच्या निदानासाठी या खुणांची सर्वमान्य सामान्य मर्यादा ठरलेली नाही. समूहांची तुलना करताना मात्र त्या बोलक्या ठरतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या मूत्रात आयसोप्रोस्टेनचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते.