जीवाणूंचा कुलवृत्तांत

एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास बसले, तर सनदा, वतनपत्रे, तीर्थोपाध्यायांच्या वह्या असे काही ना काही साधन हाती लागते. प्राण्यांच्या कुळांचा शोध घेणारास निदान हाडे तरी सापडतात. जीवाणूंपाशी यांपैकी फारसे काहीच नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहावे, तर कोणी काडीसारखा, कोणी गोळीसारखा; आणि दोन काड्या सारख्या दिसल्या म्हणून त्या भाऊबंद ठरत नाहीत! स्टॅनियर व व्हान नील या विद्वानांनी १९४१ साली जीवाणूंची वंशावळ मांडून पाहिली. १९६२ साली त्यांनीच तो नाद सोडला.

मार्ग निघाला तो निराळ्याच बाजूने. पोथी उतरताना लेखनिकाच्या हातून चूक होते, आणि ती पुढच्या नकलांत उतरत जाते. दोन पोथ्यांत तीच ती चूक दिसली, की त्यांचे मूळ एक असावे हे जाणता ताडतो. श्रोतेहो, प्रत्येक पेशीतही अशी एक पोथी पिढ्यानपिढ्या उतरली जात असते. १९६५ साली झुकरकांडल व पॉलिंग यांनी हा विचार स्पष्ट मांडला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वोज यांनी तो जीवाणूंना लावला. पेशीत प्रथिने घडविणारे रायबोसोम नावाचे कण असतात. त्यांतला एक आर.एन.ए. त्यांनी निवडला, कारण तो प्रत्येक जीवाणूत असतो, आणि फार सावकाश बदलतो. अक्षरे सुमारे १५००. ती सलग वाचण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून किरणोत्सर्गी फॉस्फरस घालून जीवाणू वाढवायचे, त्यांच्या आर.एन.ए.चे एन्झाइमने तुकडे करायचे, आणि फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून एकेक तुकडा वाचायचा. वर्षानुवर्षे वोज हेच करीत राहिले.

१९७६ साली सहकारी राल्फ वुल्फ यांच्याकडील मिथेन वायू निर्माण करणारे जीवाणू त्यांनी तपासले. इतर जीवाणूंत हमखास आढळणारे काही तुकडे त्यांत नव्हतेच! हे निराळेच कूळ आहे, असे वोज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली, आणि पंडितांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नोबेलविजेते लुरिया यांनी तर वुल्फना दूरध्वनी करून या भानगडीतून अंग काढून घेण्यास सांगितले. हा सारा मत्सरच होता, असे मला वाटत नाही. ठिपके वाचण्याची ही विद्या फारच थोड्यांना येत होती. न वाचता येणाऱ्या कागदावर सही कोण करील? जर्मनीतील कांडलर यांना मात्र ते पटले. अशा काही जीवाणूंच्या पेशीभित्तिका मुळातच वेगळ्या असल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते. १९९० साली त्यांच्यासह वोज यांनी या कुळाला ‘आर्किया’ हे नाव दिले, आणि सजीवांची तीन महाकुळे मांडली.

पुढे गुंताही निघाला. जीवाणू शेजाऱ्यांकडूनही जनुके उसनी घेतात. त्यामुळे वंशावळीत दत्तकांची गर्दी होते. २०१५ साली तर आर्क्टिक समुद्रतळाच्या गाळात आर्कियांची अशी एक शाखा आढळली, की वनस्पती, प्राणी आणि आपण स्वतः तिचेच निकटचे आप्त दिसतो. तसे असेल, तर मूळ महाकुळे तीन नव्हेत, दोनच. वोज २०१२ च्या डिसेंबरातच वारले होते.