शिंदीची झाडे आणि तरुणांचे बळ

व्यसन जडते ते माणसाला. परंतु त्याची मुळे पुष्कळदा राज्याच्या तिजोरीपर्यंत पोहोचलेली असतात. परभणी जिल्ह्याचा गेल्या शतकातील इतिहास या गोष्टीची साक्ष देतो. येथील तरुणांनी एके काळी व्यसनाविरुद्ध कुऱ्हाड हाती घेतली. ती कोठे लागू पडली व कोठे अपुरी ठरली, हे पाहण्यासारखे आहे.

१९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ओढ्यानाल्यांच्या काठी शिंदीची झाडे विपुल. थंडीच्या दिवसांत शेंड्याजवळची साल काढून खाच पाडावयाची आणि खाली मडके बांधावयाचे. पहाटे उतरविलेला रस गोड असतो, त्याला नीरा म्हणतात. ऊन चढू लागले की तोच रस आंबतो आणि त्याची शिंदी होते. एका वर्षी एका बाजूस, तर पुढल्या वर्षी विरुद्ध बाजूस खाच पाडीत, म्हणून जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसे. हा रस काढण्यास सरकारी परवाना लागे, विक्रीचा मक्ता गुत्तेदार घेई, आणि आबकारी हे संस्थानच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. मजुराने सायंकाळी शिंदीखान्यात टाकलेल्या पैशाचा एक वाटा अशा रीतीने खजिन्यात जाई.

तरुणांनी दारूविरुद्ध उभे राहावे ही कल्पना मराठी मुलखास नवी नव्हती. १९०८ च्या वसंतात पुण्यात स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले होते. येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत फिरविणे एवढेच त्यांचे काम. लोकमान्य टिळकांचा या चळवळीस पाठिंबा होता. सरकारने ती सहन केली नाही. स्वयंसेवकांवर खटले झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. या पद्धतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे तरुण माणसाच्या समोर उभा होता. तो त्याच्याशी बोलत होता.

हैदराबाद संस्थानात असे मोकळेपणाने उभे राहणेही दुरापास्त होते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आणि अध्यक्ष होते गोविंदराव नानल. पुढल्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. १९४७ च्या ७ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला गेला, आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. त्यानंतर मराठवाड्यात विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला, आणि गावोगाव जंगल सत्याग्रह व शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. परभणी जिल्हाही यात मागे नव्हता.

झाड पडले की आबकारीचे उत्पन्न बुडे, हा त्यातील उघड हेतू. नागरिकाला ज्या राज्यात बोलण्याची मुभा नाही, त्या राज्याच्या खजिन्यालाच हात घालावयाचा, हा विचार सरळ होता. त्यात धोकाही कमी नव्हता. पोलीस आणि रझाकार या दोहोंची भीती होती. पुस्तके बाजूस ठेवून हे काम अंगावर घेणाऱ्या मुलांच्या धैर्याला कमी लेखता येणार नाही.

परंतु १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, आणि पिण्याची सवय मात्र संपली नाही. कारण उघड आहे. कुऱ्हाड खजिन्यावर पडली होती. पिणाऱ्याच्या घरापर्यंत ती जाणे शक्यच नव्हते. शिवाय रस काढण्यावर ज्यांचे पोट होते, त्यांच्यासाठी दुसरा धंदा योजलेला नव्हता. झाडाचे बी ओढ्याकाठी पुन्हा रुजते; सवयीचेही तसेच आहे.

पुढे कायद्याचा मार्ग आला. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १९५६ मध्ये मराठवाडा त्या राज्यात आला, आणि १९५९ च्या कायद्याने दारूबंदी येथेही लागू झाली. तिच्या सावलीतच गूळ व नवसागर यांची हातभट्टी फोफावली. पुढे बंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या परवानाधारक विक्रीची व्यवस्था लावून दिली. ज्या तिजोरीवर तरुणांनी घाव घातला होता, तिची जागा आता लोकांच्या स्वतःच्या राज्याच्या तिजोरीने घेतली!

या दीर्घ प्रवासात पुण्याच्या त्या स्वयंसेवकांची पद्धत निराळ्या रूपाने परत आली. १९८०नंतर गर्दने शहरांतील तरुण मुले ओढून नेली, तेव्हा सुनंदा व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण स्थापिले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेला मनुष्यच पुढल्या रुग्णाचा सोबती होतो, आणि घरच्या स्त्रियांनाही बरोबर घेतले जाते. २००८ च्या शासकीय आदेशानेही गावातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर मत दिल्यास दुकान बंद करण्याची तरतूद आली. येथे निर्णय तिच्या हाती आला, जिला त्या व्यसनाची झळ सर्वांत आधी लागते.

मग तरुणाने काय करावे? परभणीत आज १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, महाविद्यालये आहेत, आणि १९६९ पासून देशभर चाललेली राष्ट्रीय सेवा योजना आहे. बळाची वाण नाही. मात्र एका दिवसाची मिरवणूक आणि घोषणा म्हणजे झाड तोडणेच होय. पिणाऱ्या शेजाऱ्याचा तिरस्कार न करता त्याला उपचारापर्यंत नेणे, त्याच्या मुलाची शाळा सुटू न देणे, पहिला घोट घेण्यास भाग पाडणाऱ्या मित्राला नकार देण्याचे धैर्य एकमेकांस देणे, ही कामे दिसत नाहीत आणि लवकर संपतही नाहीत. १९४७ च्या विद्यार्थ्यांनी राज्याशी झुंज देण्यासाठी जी हिंमत दाखविली, तितकीच हिंमत या कामास लागते. फक्त तिला सोबत हवी ती चिकाटीची.