मुलूखमैदान

आमचे आबा सोलापूरचे. विजापूरच्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर, पण आम्ही पोरं मुलूखमैदान तोफेचीच पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. बत्ती दिली की गोलंदाज हौदात डोकं बुडवायचा, नाहीतर कान गेलेच म्हणून समजा. तालिकोटच्या लढाईत गोळ्यांऐवजी तोफेत तांब्याचे पैसे ठासले आणि विजयनगरची आघाडी उडवली.

ही पैशांची गोष्ट पुढे इतिहासकार फिरिश्त्याच्या तवारिखेत भेटली, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. १५६५च्या त्या लढाईत निजामशाही तोफखाना चेलेबी रूमीखानाकडे होता. शत्रू अगदी जवळ आल्यावर त्यानं तोफांत पैशांच्या थैल्या भरल्या, असं फिरिश्ता लिहितो. आबांनी फिरिश्ता वाचलेला नव्हता. त्यांना ही गोष्ट त्यांच्या आज्यानं सांगितली होती.

तोफ मूळची विजापूरची नव्हेच. अहमदनगरात १५४९ साली बुऱ्हाण निजामशहासाठी महंमद बिन हसन रूमीनं ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं विजापूरला आणली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा मुरार तो हाच. पंचावन्न टनांचं धूड! दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली, असं आबा सांगत. जोडीची कडक बिजली तोफ म्हणे वाटेत नदीत बुडाली. गोलंदाजापेक्षा मला त्या ओढणाऱ्यांचंच जास्त वाटतं.

शेरझा बुरुजावर ती आजही आहे. तोंड सिंहाचं, जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. नळीचं तोंड एवढं रुंद की लहान पोर सहज आत बसेल. भर उन्हातही धातू हाताला गार लागतो म्हणतात, आणि टिचकी मारली तर घंटेसारखा नाद उमटतो. विजापूर जिंकल्यावर १६८६ मध्ये औरंगजेबानंही तिच्यावर आपला लेख कोरून घेतला.

आणि हीच तोफ १८५४ मध्ये इंग्रजांनी लिलावात काढली. विजापूरचा कारभार तेव्हा साताऱ्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे होता. वरची बोली आली दीडशे रुपये! किंमत फारच कमी आहे आणि लोकांची तोफेवर श्रद्धा आहे, असं तिथल्या अधिकाऱ्यानं वर कळवलं, म्हणून विक्री रद्द झाली. लोकांची ही श्रद्धा घराघरांत सांगितलेल्या गोष्टींनीच जपली होती, असं मी मानतो.

विजापूरला गेलात तर नुसता गोलघुमट पाहून परतू नका. शेरझा बुरुजावर जा, आणि जमलं तर घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर न्या.