पाषाणातील नगर आणि त्याचे पाणी

खडकात कोरलेले नगर म्हटले म्हणजे जॉर्डन देशातील पेट्रा हेच नाव प्रथम ओठांवर येते. ओसाड प्रदेशातील अरुंद घळीतून चालत जावे आणि एकाएकी तांबूस पाषाणाचे भव्य दर्शनी शिल्प समोर उभे राहावे, हे त्या स्थळाचे चित्र प्रसिद्धच आहे. बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने १८१२ साली ते पाहून युरोपीय विद्वानांच्या नजरेस आणून दिले. आम्हां पनवेलकरांस मात्र तितके दूर जाण्याचे कारण नाही. पहाटे निघून बोरिवली गाठावी, अरण्यातून कान्हेरीचा डोंगर चढावा आणि दिवेलागणीस घरी परतावे. तेवढ्यात असेच एक पाषाणनगर पाहून होते.

ही तुलना केवळ रूपसादृश्यावर उभी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथात तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून पेट्राकडे जाणारा मार्ग सांगितला आहे. आणि त्याच ग्रंथात सोपारे व कल्याण या आपल्या बंदरांचीही नोंद आहे. म्हणजे ही दोन्ही नगरे एकाच सागरी व्यापाराच्या आश्रयाने वाढली. नबाती लोक धूप व सुगंधी द्रव्यांच्या व्यापाराने धनाढ्य झाले. कान्हेरीच्या शिलालेखांतही सोपारे, कल्याण व चेऊल येथील दात्यांची नावे आढळतात. त्यांत व्यापारी आहेत तसे सोनार व लोहार आहेत, आणि स्त्रियाही आहेत. यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील भव्य चैत्यगृहाचे श्रेयही राजाकडे जात नाही. ते व्यापारी बंधूंच्या दानाचे फळ आहे.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावयास हवा. पेट्रा येथील कोरीव दर्शनी भाग बहुतांशी थडग्यांचे आहेत; कान्हेरीतील शंभराहून अधिक लेणी मुख्यतः जिवंत माणसांच्या राहणीसाठी खोदली गेली. निजण्याचे ओटे, ओसऱ्या, सभेचे दालन, एका लेण्यातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या पायऱ्या, हे सर्व पाहता आपण एखाद्या गावच्या आळ्यांतून हिंडत आहो असे वाटते.

प्रवासी बहुधा चैत्याच्या ओसरीतील बुद्धाच्या प्रचंड मूर्ती पाहून तृप्त होतो आणि खालच्या टाक्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः या नगराचे मर्म तेथेच आहे. वाळवंटात पाऊस फार थोडा. कोकणात तो चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने थेंब नाही. अडचण एकच आणि तोडही एकच : उतारावर पन्हळी कोराव्या आणि वाहते पाणी टाक्यात साठवावे. पेट्राच्या कारागिरांनी तेच केले. कान्हेरीत तर बहुतेक प्रत्येक लेण्याच्या दाराशी स्वतःचे टाके आहे.

अशाच एका टाक्यावर वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा लेख आहे. टाके सातेरक नावाच्या अमात्याने दिले. लेखात राणी कार्दमक कुळातील व एका महाक्षत्रपाची कन्या असल्याचे म्हटले आहे. पित्याच्या नावाचे पहिलेच अक्षर आज वाचता येते. तो रुद्रदामन् होय असे विद्वान मानतात. हाच रुद्रदामन् गिरनारच्या शिलालेखात सांगतो की, दक्षिणापथपती सातकर्णीस दोनदा जिंकूनही निकट संबंधामुळे आपण त्याचा उच्छेद केला नाही. आणि तो गिरनारचा लेख तरी कशाचा? १५० साली पुराने फुटलेल्या सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीचा! दोन वैरी राजकुळांची सोयरीक आज आपणांस कळते ती एका टाक्यावरून आणि एका तलावावरून.

पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि भिक्षूही गेले. १००९ व १०२१ साली काही पारशी प्रवासी येथे आले आणि पहलवी लिपीत आपली नावे कोरून परतले. तेही आपल्यासारखे पाहुणेच!

आमच्या पनवेलातही वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशी तळी आहेत. नगर नळाच्या पाण्यावर वाढू लागले की तळे ही केवळ शोभेची वस्तू ठरते. कान्हेरीच्या दात्यांना तसे वाटत नव्हते. मूर्तीइतकेच पाण्याचे दानही त्यांनी आपल्या नावानिशी खडकात कोरून ठेवण्याजोगे मानले, आणि म्हणूनच त्यांचे नगर हजार वर्षे वसले.